कोळ्याचा धागा

लक्ष्मीपुरीत दस्तगीर शिकलगार पितळ किलोवर विकतो.
घंटा, नळाची तोटी, समई, दुर्बीण,
त्याच्या काट्याला सगळं सारखंच.
"घ्या मास्तर, आज घ्या,
उद्या उद्यमनगरची गाडी येतीया, मग भट्टीतच."

मी मास्तर नाही. एकतीस वर्षं लेथवर उभा होतो.
पण खिशात मायक्रोमीटर घेऊन फिरणाऱ्याला
आमच्याकडं मास्तरच म्हणतात.

चार किलो सातशे भरली.
लेव्हल म्हणतात हिला, कालवे काढणाऱ्यांची दुर्बीण.
तिपाई लाकडाची, म्हणून फुकट.
पेटीच्या झाकणात खिळ्यानं कोरलेलं:
ग. रा. हुजरे, ओव्हरसिअर.
खाली कुण्या पोरानं काढलेला बैल.

घरात आधीच गुऱ्हाळातला एक तापमापक आहे,
पावसाळ्यात अजून काकवीचा वास सोडणारा.
मान मोडलेला लॅक्टोमीटर आहे.
आणि एक वायुभारमापक, ज्याचा काटा
'वादळ' या शब्दावर कायमचा अडकलाय.
मालन म्हणते, तुमच्या सगळ्या पसाऱ्यात
तेवढा एकच खरं बोलतो.

लेव्हलकडं बघून म्हणाली, "ह्यात दूध तापतं का?"

काच पुसली. बुडबुडा शाबूत होता,
शंभर वर्षं नळीत कोंडलेला, तरी चपळ.
पण आत डोळा लावला तर रेघ नाही.
नुसतं गोल रिकामं आभाळ.
रेघ नसलेली लेव्हल म्हणजे
पान्हा नसलेली म्हैस.

मिरजेला नाडगौडा म्हणून होते.
गाव सतारीचं, हा माणूस दुर्बिणींचे कान पिळायचा.
म्हणाले, "केस लावू नका, दोरखंड दिसेल.
रेशीम पिंजारतं.
कोळी आणा. जाळ्याचा चिकट धागा नको,
तो पडताना ज्याला धरून लोंबतो, तो."

घटस्थापना तीन दिवसांवर.
मालन बांबूला केरसुणी बांधून घरभर फिरत होती.
मी म्हणालो, "एक तरी ठेव."
ती काहीच बोलली नाही. जिन्याखाली,
विजेच्या मीटरमागं केरसुणी पोचली नव्हती.

तिच्याच केसातली पिन वाकवून काटा केला.
कोळी बोटावरून सुटला,
मी गुंडाळत गेलो, श्वास धरून.
आता तो धागा दोन खाचांत ठेवायचा, ओलसर लाखेवर.
माझा हात.
ज्या हातानं दोन दोन सूत सोडून
केसाच्या दहाव्या भागाचं माप धरलं,
तो हात पानासारखा हलायला लागला.
एक धागा तुटला. दुसरा तुटला.

"सरका."
बावीस वर्षं तिनं गुजरीतल्या पेढीसाठी
घरी बसून कोल्हापुरी साज ओवले.
मासा, कासव, चंद्र, भुंगा,
दुसऱ्यांच्या गळ्यांसाठी.
पिन उचलली, एकदा श्वास सोडला,
आणि ठेवला.
कधी ठेवला ते मला दिसलंच नाही.

संध्याकाळी शुक्रवार पेठेत, घरासमोर तिपाई रोवली.
आतलं जग उलटं:
सायकली वर, तारा खाली,
समोरच्या चौगुल्यांची म्हातारी
छताला चिकटून चालत गेली.
समोरच्या भिंतीवर पुराची रेघ होती, एकोणीसची,
रंग दिला तरी वर येणारी.
तिपाईचे पाय कमीजास्त केले,
धागा रेघेवर आणला.
मग दुर्बीण हळूहळू फिरवली:
चौगुल्यांचं दार. पिठाची गिरणी.
शाळेची भिंत. बंद पडलेलं सलून.
सगळीकडं रेघ धाग्याखाली.
केसभर वर नाही, केसभर खाली नाही.
हुजऱ्यांनी ज्यासाठी उन्हात आयुष्य काढलं असेल,
ते पंचगंगेनं चार दिवसांत, चिखलानं,
घराघरावर लिहून ठेवलेलं.

मालननं डोळा लावला.
बराच वेळ लावला.
"उलटं दिसतंय सगळं," म्हणाली.
मग, उठता उठता, "रेघ सरळ हाय पण."

मीटरमागं दुसऱ्या दिवशी नवं जाळं.
दसरा झाला. दिवाळीची झाडलोट झाली.
केरसुणी जिन्याखाली जाते,
मीटरपर्यंत पोचते,
आणि तिथून वळते.